हात न लावलेल्या भेटी

अक्का, तुझं सामान जाळलं तेव्हा मी अंगणातच उभा होतो. जाळायचं ठरवलंही मीच. भाऊजींनी विचारलं, "बापू, तुमी दवाखान्यातले. तुमीच सांगा काय ठेवायचं आन् काय नाय." मी दवाखान्यात बोलतो त्याच आवाजात म्हणालो, "काही ठेवू नका." गादी गेली, वाकळ गेली, उशी गेली. तुझी दोन लुगडी गेली. सगळ्यात शेवटी कातरणांचं ते गाठोडं गेलं, ज्यातून तू किती जणांसाठी काय काय शिवलंस ते तुलाही सांगता आलं नसतं. शेजारची म्हातारी कुंपणाशी उभी होती. लढाईचे दिवस, कापड नजरेला पडत नाही, आणि इथं धड लुगडं आगीत चाललेलं. ती म्हणाली, "पाण्यात उकळून घेतलं तं नाय का चालणार? पोरीला परकर व्हईल." मी नाही म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पाठ फिरवून निघून गेली. तिला माझ्याबद्दल जे वाटलं ते बरोबरच होतं.

आज तुला जाऊन तीन आठवडे उलटले. तुला वाचता येत नव्हतं. शहापुराहून मी पाठवलेली पत्रं कुसुम तुला वाचून दाखवायची, आणि लेकीच्या तोंडून आईनं ऐकायचं म्हणून मी त्या पत्रांत कधी खरं लिहिलं नाही. नुसती खुशाली लिहिली. हे कुणी कुणाला वाचून दाखवणार नाही, म्हणून यात लिहितो.

तुझ्या दहाव्याला आलेल्या बायका तुझ्या स्वभावाबद्दल काही बोलल्या नाहीत. तू कुणाला काय दिलं होतंस, तेच सांगत बसल्या. चंद्रा आली होती, आपल्या आळीतली, तुझ्या बरोबरीची. नवऱ्यानं टाकल्यावर ती भावाकडे परत आली तेव्हा कुणी तिला लुगडं दिलं, कुणी पायलीभर तांदूळ दिले. तू एक लहानसं कुलूप दिलंस. आई तेव्हा तुझ्यावर चिडली होती, हे काय देणं झालं म्हणून. तू म्हणालीस, "भावाच्या घरात तिचं सगळं उघड्यावर हाये. एक पेटी तरी तिच्या मर्जीनं उघडू दे." चंद्रानं मला ती किल्ली दाखवली. अजून गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली आहे.

आपले बाबा शहापूरच्या पेठेत शिवणयंत्र घेऊन बसायचे. संध्याकाळी दुकान आवरताना ते गुडघ्यांवर बसून जमिनीवर सांडलेल्या टाचण्या शोधत, आणि उठताना भिंतीला धरून उठत. हे मी रोज बघत होतो. तूही बघत होतीस. म्हसा गावच्या जत्रेला गेलो त्या वर्षी मी शिट्टी घेतली, आणि तू सगळी जत्रा पालथी घालून एक लोहचुंबक आणलास. त्याला लांब दोरी बांधून बाबांच्या हातात दिलास. बाबांनी उभ्याउभ्या दोरी जमिनीवरून फिरवली आणि टाचण्या त्याला येऊन चिकटल्या. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते टाचण्या सांडून दाखवत होते.

आईचं तसंच. ती विहिरीवरून दोन-दोन हंडे डोक्यावर आणायची. तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते, आणि ती पदर पुढे ओढून ते झाकायची. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तू कातरणांत कापूस भरून जाड, मऊ चुंबळ शिवलीस आणि हंड्यावर ठेवून दिलीस. आईनं ती हातात घेतली आणि दुसरा हात आपोआप डोक्याकडे गेला. तेवढं मला आठवतं.

तू कुणाला काय हवं असं विचारत नव्हतीस. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणालीस, "विचारलं की माणूस दुसऱ्याला झेपेल तेच सांगतो. खरं कशाला सांगेल?"

माझी दवाखान्यातली नोकरी लागली तेव्हा मला कापरं भरत असे. इंग्रजी अक्षरांच्या बाटल्या, डॉक्टरांचा करडा आवाज, आणि चूक झाली तर माणूस जायचा. मला भीती वाटली की तळहात घामेजतात आणि मी ते धोतराला पुसतो. मी हे कुणाला बोललो नव्हतो. पहिल्या दिवशी निघताना तू कमरेला अडकवायचा पांढरा पंचा दिलास, एका टोकाला नाडी लावलेला. "हात पुसायला," म्हणालीस. "लोकांना वाटेल कंपौंडर लोकांना असाच मिळतो." डॉक्टरांनी तो पाहिला आणि दवाखान्यातल्या इतरांनाही तसेच पंचे शिवून आणायला सांगितलं. तुला हे सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस.

मग तुझं लग्न झालं. मुरबाडच्या पेठेतलं शिंप्याचंच घर. पुढे आई-बाबा गेले आणि तुझं माहेर म्हणजे मी उरलो. दर भाऊबीजेला मी किन्हवलीवरून गाडीनं मुरबाडला यायचो आणि ताटात लुगडं ठेवायचो. पेठेतल्या एकाच दुकानातून घेतलेलं. दुकानदार वरचं काढून द्यायचा आणि मी बांधून घ्यायचो. तू घडी उलगडायचीस, काठावरून बोट फिरवायचीस आणि म्हणायचीस, "छान हाये. दुकानदाराला सांग, आवडलं म्हणून."

एका वर्षी मला राग आला. मी म्हणालो, "चांगलं लुगडं आणतो, आणखी काय करायचं भावानं?" तू म्हणालीस, "तू माझ्याकडं बघतच नाय, बापू. आल्यापास्नं तू तुझ्या भाऊजींशी दुकानाचं बोललास, कुसुमला उचललंस, जेवलास. मी लुगडं नेसते का पातळ, ते तरी तुला सांगता येईल?" मी तेव्हा तुझ्या अंगावर काय आहे ते बघितलं. तू हसायला लागलीस, कारण मी त्याआधी बघितलं नव्हतं हे उघडच होतं. मी म्हणालो, देणं हे कर्तव्य आहे, त्यात बघायचं काय. तू म्हणालीस, "कर्तव्य तं तलाठीपण करतो." तो वाद तिथंच राहिला. पुढच्या वर्षी मी पुन्हा लुगडंच आणलं, थोडं अधिक भारी.

तुझा खोकला सुरू झाला तेव्हा भाऊजी एकटेच शहापूरला आले. दवाखाना सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहिले. मग म्हणाले, "कल्याणच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. कुठं बोलू नका. हिच्या हातचं शिवलेलं लोक अंगावर घालतात. कळलं तर दुकानाची पायरी कोण चढणार नाय." ते वाईट बोलत नव्हते, अक्का. घाबरलेले होते. मी कुणाला सांगितलं नाही, बायको असून इंदूलाही नाही. तुलाही कुणी सांगितलं नव्हतं. छातीत कफ आहे, एवढंच सांगितलं होतं. पण तुला मागच्या खोपीत हलवलं आणि यंत्रापासून उठवलं, तेव्हाच तू समजलीस.

त्याच श्रावणात मधू झाला. आधीची दोन मुलं आमच्या हातून गेली होती. एक आठवड्याचं, एक सात महिन्यांचं. तुला ठाऊकच आहे. मधूच्या बारशाला तू आली नाहीस, धाकूबरोबर कुंची पाठवलीस. किन्हवलीचा धाकू गाडीवान, मुरबाडचा आणि शहापूरचा बाजार करणारा. त्यानं पुडकं इंदूच्या हातात दिलं. इंदूनं उलगडलं आणि तिचा चेहराच बदलला. सात रंगांचे तुकडे होते, पण शिवण आत कुठं हाताला लागत नव्हती. "वन्संनी बाळाच्या मानेचा विचार केलाय हो," ती म्हणाली आणि कुंची घालायला तिनं मधूला उचललं.

मी कुंची तिच्या हातातून ओढून घेतली. जवळजवळ हिसकावली.

"अहो, वन्संनी शिवलीय."

"म्हणूनच," मी म्हणालो. तेव्हा इंदूला सगळं सांगावं लागलं. लोक म्हणतात बायका घरात भीती शिरू देतात. आमच्या घरात भीती मी आणली. कुंची उकळून, उन्हात चार दिवस टाकली असती तरी चाललं असतं. हे मला इंदूपेक्षा जास्त ठाऊक होतं, तेच माझं काम आहे. तरी मी ती चुलीत घातली. ती जळायला वेळ लागला. तू दुहेरी शिवली होतीस. धाकूला मी निरोप दिला, कुंची छान बसली, मधू दिवसभर घालतो.

कार्तिकात भाऊबीजेला मी आलो. तू खोपीच्या दारापाशी बसली होतीस. ताट कुसुमच्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "ती ओवाळील. मी इथनं बघते." दहा वर्षांची पोर, तिनं लांबूनच हात पुढे करून मला कुंकू लावलं. ओवाळून झाल्यावर तू विचारलंस, "कुंचीचे बंद आखूड तं नाय झाले? मानेला काचत असतील."

"नाही नाही," मी म्हणालो. "बरोबर आहेत."

तू पदर सारखा केलास. मग म्हणालीस, "बंद लावलेच नव्हते रे. काचतात म्हणून मागं बटण लावलं होतं."

तू मुद्दाम विचारलं होतंस. मी काहीतरी बोलायला गेलो, तू हातानं राहू दे म्हणालीस. तुझ्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. अवघड गणिताचं उत्तर आधीच ठाऊक असावं आणि पुन्हा तेच निघावं, तशी तू दिसत होतीस.

आणि त्यानंतर तू मागितलंस. आयुष्यात पहिल्यांदा. "बापू, यंदा लुगडं नको. मला चार महिने शहापूरला ने. मागची पडवी मोकळीच हाये ना? तिथं राहीन. घरात पाऊल टाकणार नाय, माझं मी रांधीन. इथं चारी बाजूंना भिंती. तिथनं माहुलीचा डोंगर तरी दिसतो."

मी म्हणालो, "मधू लहान आहे, अक्का. आधीची दोन गेली आमची."

"हां," तू म्हणालीस. "ते माझ्या ध्यानातच नाय राह्यलं."

आणि मी ते खरं मानलं. जिला चंद्राची उघडी पेटी, बाबांचे गुडघे, माझे घामेजलेले हात दिसत होते, तिला माझी दोन मेलेली मुलं आठवली नाहीत, हे मी खरं मानून घेतलं, कारण तसं मानलं की उठता येत होतं. मी ताटात लुगडं ठेवलं. कुसुमनं ते उचलून तुझ्यापर्यंत आणलं. तू म्हणालीस, "छान हाये." दुकानदाराचं नाव या वेळी घेतलं नाहीस.

त्यानंतर तुझ्या भेटी येऊ लागल्या.

पहिल्यांदा धाकूनं मातीचे दोन बैल आणले. नुसत्या गेरूनं रंगवलेले, मधूच्या मुठीत मावतील एवढे. ते पडवीत ठेवून तो मागे सरला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "बाईनं हात नाय लावला. कुंभाराला लांबनं सांगलं, कुंभारानं पाल्यात बांधून दिलं, मी गाडीत ठेवलं."

मी म्हणालो, "बरं, बरं."

उन्हाळ्यात रायवळ आंबे आले. "बाईनं हात नाय लावला. झाडावरनं मी काढलं, करंडीत मी भरलं." पावसाळ्याच्या तोंडाशी करंजाच्या तेलाचा डबा आला. रॉकेल मिळत नव्हतं. इंदू तान्ह्या पोराला घेऊन अंधारात बसते, हे तुला कुणी सांगितलं? मी तर पत्रात लिहिलं नव्हतं. बहुतेक धाकूलाच विचारलं असशील, आमच्या घरात दिवा कधी लागतो म्हणून. "बाईनं हात नाय लावला. तेल्यानं घाण्यावरनं डबा भरून दिला."

मी धाकूला म्हणालो, "तेवढं बोलायचं सोडून दे. वस्तू ठेव आणि जा."

तो गाडीचा दांडा धरून उभा राहिला. "सोडलं असतं, कंपौंडर. पन ती शपथ घालते. सांगल्याबिगर देऊ नको म्हनते, इंदू वापरायची नाय."

अक्का, त्या सगळ्या वस्तू आम्ही वापरल्या. मधू बैलांशी खेळला, एकाचं शिंग मोडलं. आंबे खाल्ले. तेलाचा दिवा लावला, आणि त्याच्या उजेडात इंदूनं मधूला दूध पाजलं. आम्हाला त्या वस्तूंची भीती वाटली नाही, कारण ती वाटू नये याची तजवीज तूच करून ठेवली होतीस. कुणाला काय द्यायचं हे तू जन्मभर त्या माणसाकडे बघून ठरवत आलीस. आमच्याकडे बघितलंस तेव्हा तुला आमची भीती दिसली, आणि तू तिच्या मापानं भेटी निवडल्यास. तुझे उपकार मानावेत की मान खाली घालावी, मला कळत नाही. मी दोन्ही करतो.

तेलाचा डबा आला त्या दिवशी इंदू माझ्यावर उसळली. "आणा त्यांना. पडवी मी सारवून ठेवते."

मी तिला जंतू सांगितले. थुंकी, श्वास, हवा, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्हाला एवढं सगळं माहीत हाये, तर सांभाळायचं कसं तेपण माहीत असेल."

मी जेवणावरून उठलो. आमचं ते भांडण अजून मिटलेलं नाही. आता मिटवायचं तरी कशावरून?

या वर्षीच्या भाऊबीजेला मी आलोच नाही. दवाखान्यात हिवतापाची गर्दी आहे, असं कळवलं. गर्दी खरी होती. पण एक दिवस मागितला असता तर मिळाला असता.

पौषात भाऊजींचा निरोप आला, बरं नाही, येऊन बघून जा. मी मुरबाडला आलो. खोपीच्या दारात उभा राहिलो तर आतून तूच म्हणालीस, "आत येऊ नको." मी उंबऱ्याबाहेर बसलो. तू एवढीशी झाली होतीस. तुझा आवाज तेवढा होता तसा होता. मी पिशवीतून बाटली काढून उंबऱ्यावर ठेवली, खोकल्याचं मिक्श्चर. मी स्वतः बनवलेलं, नेहमीपेक्षा जास्त मध घालून.

"हे दवाखान्यानं दिलं," तू म्हणालीस. "तू काय आणलंस?"

तू चिडवत होतीस. तुझ्या ओठांवर हसू होतं. पण मी पिशवीत हात घातलेला होता आणि पिशवी रिकामी होती. येताना गाडीत मी सबंध वाट विचार करत होतो की तुला काय हवं असेल. तीस वर्षांचा माझा-तुझा सहवास, आणि मला एक वस्तू सुचली नाही. जे हवं होतं ते तुझं सांगून झालं होतं. तेच तेवढं मला सुचू द्यायचं नव्हतं.

मी म्हणालो, "तू सांग. पुढच्या खेपेला आणतो."

"मागून झालं, बापू."

मग तू मधूची चौकशी केलीस. चालतो का, किती दात आले, शी साफ होते का. मी सगळं सांगितलं. या वेळी खरं सांगितलं. त्याला भात आवडत नाही, नाचणीची आंबील आवडते, चालताना डावा पाय आधी टाकतो. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मध्ये खोकला आला की हात वर करून मला थांबवायचीस, आणि थांबला की बोट हलवून पुढे बोल म्हणायचीस. निघताना मी म्हणालो, "येतो." तू म्हणालीस, "सावकाश जा. सरळगावापास्नं रस्ता खराब हाये."

मी तुला एकदाही म्हणालो नाही, अक्का, की मी चुकलो. त्या दिवशी तेवढं आणायला हवं होतं. त्याला पिशवी लागत नव्हती.

माघातल्या एका सकाळी धाकू दवाखान्याच्या खिडकीशी आला. मी पुड्या बांधत होतो. नेहमीसारखा तो मागच्या दारी गेला नाही, खिडकीतच उभा राहिला. मी म्हणालो, "घरी ठेव ना, इंदू आहे." तो म्हणाला, "आज काय आनलं नाय, कंपौंडर." आणि त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं. मी हातातली पुडी बांधून पूर्ण केली, समोरच्या माणसाला दिली, दिवसातून तीनदा घ्यायची म्हणून सांगितलं, आणि मग खाली बसलो.

पुढचं तुझ्या मागचं. ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

तुझे तेरा दिवस झाल्यावर भाऊजी मला दुकानामागं घेऊन गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "पोरीला घेऊन जा. कधी कधी खोकते ती. गिऱ्हाईक लगेच तिच्याकडं बघतं. मला दुकान सांभाळायचं हाये, मागं म्हातारी आई हाये." मी लगेच हो म्हणालो नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो. मी आधी विचारलं, "कधीपासून खोकते?" कंपौंडरसारखं. भाऊजी म्हणाले, आईजवळ बसायला लागल्यापासून. दुकानात यंत्र चालू होतं, दुसरंच कुणीतरी बसलं होतं त्यावर. मग मी म्हणालो, "तिचे कपडे बांधा."

कुसुम धाकूच्या गाडीत अगदी मागच्या कडेला जाऊन बसली, तोंड बाहेर करून. धाकू म्हणाला, "पुढं ये गो पोरी, मागं धक्के लागतात." ती म्हणाली, "नको. वारा पुढनं मागं जातोय." मला पहिल्यांदा कळलं नाही. किन्हवली मागे पडल्यावर कळलं. तिचा श्वास आमच्याकडे येऊ नये म्हणून ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसली होती. तू तिला हे शिकवलं होतंस. सबंध वाट ती तशीच बसली. मी तिला पुढे ये म्हणालो नाही.

आमच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली. म्हणाले, आज काही दिसत नाही, पुढचं आज सांगता येत नाही. खाऊ-पिऊ घाला, उजेडात ठेवा. घरी पहिल्या दिवशी इंदूनं पानं मांडली, कुसुमचं माझ्या शेजारी. कुसुमनं आपली थाळी उचलली आणि दाराजवळ जाऊन बसली. इंदू म्हणाली, "इथं ये गं." ती म्हणाली, "मला तिथं बरं वाटतं, मामी." इंदूनं माझ्याकडे बघितलं. मी भात कालवत होतो. इंदूनं आपली थाळी उचलली आणि दाराजवळ जाऊन तिच्या शेजारी बसली. मी एकटाच मधल्या पाटावर जेवलो.

पडवीत ती जिथे बसते तिथून माहुलीचा डोंगर दिसतो. ती त्याच्याकडे बघत नाही. बहुधा तो तुझ्यासाठी काय होता, हे तिला ठाऊक नसेल. मी अजून सांगितलेलं नाही.

मधू आता दीड वर्षाचा आहे. घरात नवीन माणूस आलं म्हणून तो सारखा तिच्या मागे. तो जवळ आला की ती उठून दुसरीकडे जाते. तो रडतो, मग ती लांबून टाळ्या वाजवून त्याला हसवते. आठ दिवस मी हे बघत होतो. बघत होतो आणि मला बरं वाटत होतं, की मुलगी समजूतदार आहे. मला काही करावं लागत नव्हतं.

काल दुपारी ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मधू तिच्यापर्यंत गेला, डावा पाय आधी टाकत, आणि तिच्या गुडघ्याला धरून उभा राहिला. मागे भिंत, तिला उठता येईना. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. तोंड एका बाजूला वळवलं. मधू तिच्या परकराला धरून वर चढायला बघत होता आणि घसरत होता. तिनं त्याला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं. मी बोलावून घ्यावं, अशी वाट बघत होती.

मी उठलो. माझे तळहात घामेजले होते. इंदू आतून दारात आली होती. मी मधूला उचललं. तो माझ्या हातात पाय झाडत होता. मी त्याला कुसुमच्या मांडीवर बसवलं आणि तिचे हात मागून पुढे आणून त्याच्याभोवती ठेवले. ते गार होते.

"मामा, चालेल?" ती विचारत होती ते ओठांवरूनच कळलं.

"चालेल," मी म्हणालो. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही, अक्का. कुणालाच माहीत नाही. मी तिथंच खाली बसलो, त्या दोघांना लागून. मधूनं तिची वेणी धरली, नाक धरलं. ती हलली नाही. तिचा चेहरा लाल व्हायला लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ तिनं श्वास रोखून धरला आहे.

मी म्हणालो, "कुसुम, श्वास घे."

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"घे, पोरी. मी सांगतो. घे."

तिनं घेतला.